बारा दिवसांची राखण

अस्थी सावडून आल्यावर काशी पडवीत खांबाला टेकून बसली. अंगावरचं ओलं लुगडं अंगावरच सुकत आलं होतं. चैत्राचं ऊन अंगणात पसरलं होतं आणि सुपातली भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, आबांनी अंथरूण धरायच्या आदल्या दिवशी वेचून आणलेली, एका बाजूनं सडायला लागली होती. त्यांचा आंबूस वास घरभर भरला होता. कुणी तरी ती फोडून वाळत घालायला हवी होती. पण घराला सुतक होतं, आणि घरात ती एकटीच.

येसाजी आला तो अंगणाच्या कडेला उभा राहिला. सुतकाच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, पडवी चढायची नाही. तो वाडीचा बुदवंत. रीतभात त्यानंच सांगायची आणि त्यानंच पाळायची.

"काशे, जेवलीस काय?"

"जेवले, काका."

तो चपला काढून तिथंच उकिडवा बसला.

"कोंडाचं काय करायचं आता?"

काशीला तो प्रश्न येणार हे माहीत होतं. वाडीच्या खाली नदी वळते तिथं खोल डोह आहे, त्याला देवाचा कोंड म्हणतात. डोहाच्या अलीकडे वाळूचा लांब पट्टा. पौषात पाणी उतरलं की मऊ पाठीची कासवं त्या वाळूत चढतात, अंडी घालून परत पाण्यात जातात. पिल्लं निघतात ती वैशाखात. पौषापासून मिरगापर्यंत कोंडात जाळं नाही, गळ नाही, वाळूवर गुरं नाहीत. ही राखण वेळीपांच्या घराची. म्हणजे लक्ष्मण वेळीपाची, तिच्या आबांची. चाळीस वर्षं त्यांनी ती केली. आणि राखणीच्या घराला सुतक आलं तर बारा दिवस त्या घरातल्या माणसानं वाळूवर पाऊल ठेवायचं नाही; राखण दुसऱ्या कुळाकडे द्यायची.

"तुम्हीच घ्या," काशी म्हणाली. "आणि कोण हाय?"

"घेतो की. पण मला ठाव काय हाय? तुझा बा कुणाला दाखवत न्हवता. मी शेजारी बसायचो, तंबाकू मळायचो. तेवढंच."

"मला तीनच दिवस असतील न्हवं? लगीन झालेली लेक मी."

येसाजीनं मान हलवली. "आग तू दिलीस, पाणी तू दिलंस. ल्योक असता तर गोष्ट येगळी. तूच ल्योक झालीस, मग बारा दिवस बी तुझंच."

त्यानं हे फार मायेनं म्हटलं. सहा वर्षांपूर्वी नवऱ्यानं खानापुराकडं दुसरी करून हिला वाटेला लावली, तेव्हा आबांनी दारात एवढंच म्हटलं होतं, "आलीस? बरं झालं, भिरंडं फोडायला माणूस न्हवतं." त्यानंतर तिला कुणी ल्योक म्हटलं नव्हतं की लेकही म्हटलं नव्हतं. वाडीत ती नुसती परत आलेली बाई होती.

ती पडवीच्या कडेला सरकली. काटकी घेतली आणि अंगणाच्या धुळीत रेघ ओढली. "ही पाण्याची कड. हितं वाळुंजीची झाडं. आबा वाळूवर काय बी खूण ठेवत न्हवते. वाळूवर ठेवली की कोल्ह्याला कळती, माणसाला बी कळती. खूण झाडावर. लव्हाळ्याच्या गाठी. जितक्या गाठी तितकी पावलं, सरळ पाण्याकडं."

"कुणाची पावलं?"

"आबांची. तुमची उंची तेवढीच, तुमचं चालंल. माझी दोन-दोन जास्त पडतात."

येसाजी पुढं वाकला. ती एकेक झाड सांगत गेली. वाकडं वाळुंज, सात गाठी. जुळं वाळुंज, अकरा. वीज पडलेलं, पाच. नऊ जागा. येसाजीनं प्रत्येक जागा दोनदा वदवून घेतली. डोळे मिटून स्वतःशी पुटपुटला, जसा तो देवासमोर गाऱ्हाणं घालताना पुटपुटायचा. उठताना त्यानं पायानं ती धूळ नीट पुसली.

"कुणी बघाय नको," तो म्हणाला.

काशीला फार बरं वाटलं.

सातव्या दिवशी दुपारी नदीकडून ठोकण्याचा आवाज आला. संध्याकाळी येसाजी अंगणापाशी आला तर तिनं विचारलं.

"घोरपडी लई झाल्यात औंदा," तो म्हणाला. "कामट्याचं कुंपण घालतोय जरा."

"आबांनी कधी घातलं न्हवतं."

"तुझा बा सोता कुंपण होता. मी म्हातारा माणूस, मला झोप लागती."

नवव्या दिवशी बायजा आत्ती रामनगरहून बस धरून आली. आबांची धाकटी बहीण. तीन दिवसांचं सुतक तिनं सासरीच धरलं होतं, आता बाराव्याच्या तयारीला आली. पिशवीत नाचणी, एक नारळ, आणि काशीसाठी जुनं पण धड लुगडं. आल्या आल्या तिनं सडलेली भिरंडं उकिरड्यावर टाकली आणि सूप धुतलं.

"तू अजून बसूनच हाईस?"

"बारा दिवस हायत न्हवं."

"तुला कशाला बारा? पलीकडच्या वाडीतल्या शकुंतलेनं आईला आग दिली, चवथ्या दिशी काजू वेचायला गेली. लगीन झालेली लेक ती लगीन झालेली लेक. कुणी सांगितलं तुला?"

"येसाकाकांनी."

बायजा आत्तीचे हात सुपावर थांबले. मग ती म्हणाली, "असंल. बुदवंत हाय त्यो. त्यास्नी आमच्यापरीस जास्त ठाव."

काशीनं ते ऐकलं. तेव्हाच उठून नदीवर जायला हवं होतं असं तिला पुढं कितीदा वाटलं. पण बाप गेलेल्या माणसाला सांगितलेली रीत मोडायचा धीर होत नाही. रीत मोडली आणि तिकडं आबांना काही बाधलं तर, असं मनात येतं. ती बसून राहिली. उरलेले तीन दिवस तिनं खांबाला टेकून काढले.

तेराव्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून कोंडावर गेली.

आधी तिला निळा रंग दिसला. वाळुंजींच्या ओळीखाली निळ्या कापडाचे पाच तंबू उभे होते. त्यांच्यासाठी वाळू सारखी केली होती. दाताळ्याच्या रेघा अजून ताज्या होत्या. वाकडं वाळुंज छाटलं होतं, तंबूची दोरी बांधायला अडचण नको म्हणून. पट्ट्याच्या वरच्या टोकाला, जिथं वाळू संपून माती लागते, तिथं कामट्यांचा चौकोन होता, वर जाळी. बाहेर पाटी. पाटीवर आबांचा फोटो. रेशनकार्डावरचाच मोठा केलेला, त्यामुळे नाक पसरट झालं होतं. खाली मराठीत आणि कानडीत लिहिलं होतं: कै. लक्ष्मण वेळीप कासव संवर्धन केंद्र.

येसाजीचा मुलगा सुदेश तंबूची खुंटी ठोकत होता. अंगात नवा हिरवा टीशर्ट. तिला बघून त्यानं हातोडी खाली ठेवली.

"काका कुठं हायत?"

"येतील." त्यानं कुंपणाकडं हात केला. "सगळी हितं सुखरूप हायत, अक्का. नऊच्या नऊ घरटी. एक बी फुटलं न्हाई."

काशी कुंपणापाशी जाऊन उकिडवी बसली. आत नऊ ढिगारे, ओळीत, प्रत्येकापाशी नंबर घातलेली पाटी. वाटाण्याचे वाफे असावेत तसे. तिनं जाळीतून हात घालून मातीला लावला. माती थंड होती. झाडांची सावली तिथं सकाळपासून असायची.

येसाजी आला तेव्हा ती तशीच बसली होती. तोही शेजारी उकिडवा बसला.

"तुम्ही उकरलीत?"

"हलवली," तो म्हणाला. "समुद्रावर असंच करत्यात. कारवारला जाऊन बघून आलो मी, साहेबांनी गाडीतनं न्हेलं. तिथं मोठमोठी कासवं येत्यात, कोळी लोकं अंडी काढून कुंपणात ठेवत्यात, सरकार त्यांचं कौतुक करतंय. आमचं कौतुक कुणी केलं? चाळीस वर्सं?"

"साहेब म्हंजे?"

"त्या पुलापल्याडचा रिसॉर्टवाला. वाळू मोकळी पायजे हुती त्याला. उद्या त्यानं जेसीबी आणून सपाट केली असती तर तू काय केलं असतंस? मी म्हटलं, कासवं राहू देत, एका कोपऱ्यात. त्यो कबूल झाला. सुदेशला काम दिलं, आणखी चौघांना दिलं. पाटीवर नाव माझं घाला म्हणत हुता. मी न्हाई म्हटलं. लक्ष्मणाचं घाला म्हटलं."

हे सांगताना त्याचा आवाज भरून आला. काशीला तेच सोसवेना. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं मोठं मन दाखवलं.

"बारा दिवस मला घरात बसवलंत," ती म्हणाली. "लेकीला तीनच असतात."

येसाजीनं नदीकडं पाहिलं. "आग दिलेल्या लेकीचं येगळं असतं."

"शकुंतलेनं दिली हुती की आग."

"तिच्या वाडीची रीत येगळी." तो उठला. गुडघे कटकन वाजले. "मी बी बसलो हुतो काशे हितं चाळीस वर्सं. थंडीत, पावसात. तुझा बा एकदा तरी म्हटला काय, येसा, हे बघ, हितं हाय? माझ्या पुढ्यात गाठी मारल्या त्यानं, पाठ करून. माणूस शेजारी बसलेला असताना पाठ करून."

काशीनं जाळीतला हात काढला आणि घरची वाट धरली.

वाडीत कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. पाच घरांत हिरवे टीशर्ट आले होते. पाणवठ्यावर केशर नावाची तिच्या वयाची बाई, लहानपणीची मैत्रीण, घागर भरता भरता म्हणाली, "तुझ्या बाचा फोटो लई झ्याक लावलाय ग. आमच्या सासऱ्याचा तर एक बी फोटो न्हाई." काशीनं घागर डोईवर घेतली आणि आली.

मग भिरंडांचे दिवस सुरू झाले. पहाटे ती रानात जायची, टोपली भरून आणायची, दिवसभर फळं फोडून बिया एकीकडं, सालं एकीकडं करायची. सालं त्याच रसात बुडवून वाळवायची. हात कोपरापर्यंत लाल व्हायचे, नखांच्या कडांना चरचरायचं. भाताच्या रोपांचा राब भाजायला पाला आणायचा होता. आबांच्या कोयत्याची मूठ तिच्या हाताला उलटी बसायची, कारण आबा डावखुरे होते आणि मूठ त्यांच्या हातानं झिजली होती. कोयता चालवताना मनगट दुखायचं. तरी तिनं तो बदलला नाही.

रोज रानातून येताना ती कुंपणापाशी थांबायची. नऊ ढिगारे. वरची माती सुकायची, सावलीत परत दमट व्हायची. वैशाख लागला. आबा सांगायचे, पिल्लं निघायच्या आधी दोन दिवस वाळू वरून खचते, ताटलीएवढा खळगा पडतो. खळगा पडला नाही.

कार्यक्रम ठरला तेव्हा सुदेश स्वतः घरी सांगायला आला. "अक्का, तुझा सत्कार हाय. साहेब, जोयडा तालुक्याचे मोठे लोक, सगळी येणार. कारवारहून समुद्री कासवांच्या एक बाई येणार. तू यायलाच पायजेस."

बायजा आत्ती म्हणाली, "जाऊ नको."

काशी गेली. आबांचा फोटो तिथं होता. त्याला एकटा कसा सोडायचा?

मांडव तंबूंच्या पुढं घातला होता. लाल खुर्च्या वाळूत रुतत होत्या. कारवारहून आलेली बाई, राजेश्वरी, पन्नाशीची, उन्हानं रापलेली, पायांत रबरी चपला. तिच्या गावची कोळी माणसं आणि ती मिळून किनाऱ्यावरची अंडी राखत. भाषणं सुरू व्हायच्या आधी ती कुंपणात शिरली आणि ढिगाऱ्यापाशी गुडघे टेकून बसली. काशी जवळ उभी होती.

"कधी हलवली ही?" राजेश्वरीनं येसाजीला विचारलं.

"चैतात."

"घातली कधी होती?"

"पौषात, माघात."

राजेश्वरीचा हात मातीवर तसाच राहिला. "काढताना वरची बाजू वरच ठेवली? प्रत्येकावर खूण केली होती?"

"टोपलीत भरली. जपून. खाली गवत घातलं हुतं की."

राजेश्वरी उठली. हातांची माती झाडली. माईकवर कुणी तरी कानडीत पाहुण्यांची नावं वाचत होतं. ती काशीजवळ आली आणि हळू बोलली, "तू त्यांची मुलगी?"

"व्हय."

"आमच्याकडं घातल्या घातल्या हलवतो आम्ही. सहा तासांच्या आत. त्यानंतर बोटसुद्धा लावत नाही. आत जीव धरला की तो वरच्या अंगाला चिकटून असतो. अंडं उलटलं की संपलं." तिनं काशीच्या लाल बोटांकडं पाहिलं. "बाय, आणखी पंधरा दिवस बघ. नाहीच आली तर उकरून बघ. मी चुकीची ठरले तर मला आवडेल."

मग माईकवर काशीचं नाव आलं. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला. शाल लोकरीची होती. वैशाखाच्या उन्हात मानेवर घाम सुटला. "दोन शब्द बोला," साहेब म्हणाले आणि माईक तिच्या तोंडाशी धरला.

समोर सगळी वाडी बसली होती. येसाजी पहिल्या रांगेत, डोक्याला फेटा.

काशी म्हणाली, "आबांनी चाळीस वर्सांत एका बी अंड्याला हात लावला न्हवता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या. बराच वेळ वाजत होत्या. येसाजीनं मात्र हात मांडीवरच ठेवले होते, आणि तो तिच्याकडं बघत नव्हता.

पंधरा दिवसांनी, सकाळीच, काशी आणि बायजा आत्ती कुंपणात शिरल्या. रिसॉर्टची गिऱ्हाईकं गेली होती, तंबू दुमडून ठेवले होते. काशीनं हातानंच माती काढली. लिंबाएवढी गोल अंडी, पांढरी नव्हती उरली, करडी पडली होती, डाग धरले होते. पहिलं उचललं तेव्हा हलकं लागलं. दुसरं बोटांत फुटलं आणि पिवळं पाणी मनगटावरून ओघळलं. वासानं आत्तीनं पदर नाकाला लावला. तिसऱ्या खड्ड्यातल्या एका अंड्यात पिल्लू होतं, नखाएवढं, पाय फुटलेलं, वाळलेलं. काशीनं ते तळहातावर घेतलं आणि बराच वेळ घेऊन बसली.

"बास कर," आत्ती म्हणाली. "बाकीचं कशाला बघतीस?"

काशीनं नऊही बघितले. आणि नऊही परत बुजवले.

येसाजी कुठून तरी येऊन कुंपणाबाहेर उभा होता. किती वेळ, कोण जाणे.

"मला ठाव न्हवतं," तो म्हणाला. "काशे, देवाशपथ. मला ठाव न्हवतं असं असतं."

"आबांना ठाव हुतं," ती म्हणाली. "म्हणून ते तुमच्याकडं पाठ करत हुते."

येसाजीला तोंडावर मारल्यासारखं झालं. तिला वाटलं होतं, त्यानं बरं वाटेल. वाटलं नाही.

तिनं नदीत हात धुतले, मग वाळूनं घासले, परत धुतले. वास जाईना. आत्तीला पुढं धाडून ती कोंडाच्या वरच्या अंगाला चालत गेली, जिथं पाणी वाहतं आणि हात धुवायला बरं. तिथं पट्टा संपतो, मोठे खडक लागतात, आणि खडकांमागं जुन्या जांभळीच्या मुळांत वाळूचा खाटेएवढा तुकडा आहे. लहानपणी ती तिथं लपायची. आबांबरोबर राखणीला आल्यावर मात्र आबा नेहमी खडकांपाशीच वळायचे. "तिकडं काय न्हाई," म्हणायचे.

ती खडकावर चढली आणि थांबली.

खालच्या वाळूवर रेघा होत्या. बारीक, दोन्ही बाजूंना नखांचे ठिपके, मधून शेपटीची ओढ. पंधरा-वीस तरी, एकमेकींना छेदत, सगळ्या पाण्याकडं. पहाटेच्याच. दवानं बसलेल्या वाळूवर त्यांच्या कडा अजून मोडल्या नव्हत्या. रेघा निघाल्या होत्या मुळांखालून, तिथं ताटलीएवढा खळगा पडला होता. खळग्याभोवती करवंदीच्या काटेरी फांद्या, कोल्ह्याला तोंड घालता येऊ नये अशा बसवलेल्या, पिल्लाला मात्र बाहेर पडता येईल एवढ्या उंचीवर. फांद्या लव्हाळ्यानं मुळांना बांधल्या होत्या. लव्हाळा वाळून तपकिरी झाला होता. गाठ डावीकडून ओढलेली.

काशी वाळूवर बसली. तिनं गाठीवर बोट ठेवलं.

सहा वर्षं तिनं त्यांच्याबरोबर वाळू राखली होती. त्यांची पावलं आपल्या पावलांत मोजायला शिकली होती. तापात असताना, शेवटच्या आठवड्यात, त्यांनी तिच्याकडून सगळ्या जागा म्हणून घेतल्या होत्या. ती नऊ म्हणाली. ते म्हणाले, "झालं. तेवढीच." आणि कूस बदलली. तिच्याकडं पाठ केली.

तिच्यापुढंही पाठच केली होती त्यांनी.

तिला रडू आलं ते आबा गेल्यापासून पहिल्यांदा. आग देताना आलं नव्हतं. माणसानं आपल्यावर भरवसा ठेवला नाही याचं रडू होतं ते, आणि त्यात दुसरं असं होतं की भरवसा ठेवला असता तर तिनं धुळीत नऊ नव्हे, दहा जागा काढून दाखवल्या असत्या. एकही मागं ठेवली नसती. आबांना ते माहीत होतं. त्यांनी लेकीला नीट ओळखलं होतं.

ऊन खडकांवर चढलं. पाण्यात, कडेच्या उथळात, रुपयाएवढं काही तरी वर आलं, नाक काढलं आणि बुडालं.

तिनं तोंड धुतलं. मग जांभळीची पानांची डहाळी मोडली आणि पाण्यापासून मागं मागं येत सगळ्या रेघा पुसल्या. स्वतःची पावलंही पुसली. काटेरी फांद्या सोडवून नदीत टाकल्या. लव्हाळ्याची गाठ सुटेना, डावखुऱ्या माणसाची गाठ उजव्या हाताला सुटत नाही. शेवटी तिनं ती मुळापासून दातानं तोडली आणि कनवटीला लावली.

खडक उतरून ती वाटेला लागली तर येसाजी अजून कुंपणापाशीच होता, आबांच्या पाटीखाली उकिडवा. त्यानं मान वर केली. डोळे लाल होते.

"वर गेली हुतीस?" त्यानं विचारलं. "त्या अंगाला हाय काय ग काय? एखादं तरी?"

त्याच्या आवाजात आशा होती. खरी होती, हे तिला दिसत होतं.

"न्हाई, काका," काशी म्हणाली. "तिकडं काय न्हाई."